वाफशातले अँपिअर

१६ जून, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच मावसभाऊ पायरीवर बसलेला. बाजूला गोणपाटात गुंडाळलेली मोटर, भंगारात निघालेल्या बॅटरीच्या स्कूटरची. "दादा, याच्यावर डवरा बसवून दे मले."

बैलजोडी त्यानं दोन वर्षांपूर्वी विकली. केळझरच्या पलीकडे पाच एकर वावर, भारी काळं. वाफसा साऱ्या शिवारात एकदमच येतो, म्हणून भाड्याची जोडीही साऱ्यांना एकाच दिवशी हवी असते. ती याच्या धुऱ्यावर येईस्तोवर तण सोयाबीनच्या वर. निंदायला बाया मिळत नाहीत; मिळाल्या तर परवडत नाहीत.

मोटरची पाटी पुसली. २४ व्होल्ट, २५० वॉट, २७०० फेरे. बैलजोडीची ताकद ढोबळमानानं एक हॉर्सपॉवर धरतात, म्हणजे ७४६ वॉट. ही मोटर एका बैलाचीही बरोबरी करत नाही. डवऱ्याची पास, म्हणजे पातं, ओढणं तिच्याच्यानं व्हायचं नाही. दात फिरवून वरची दीड-दोन इंच माती हलवेल, ढकलायचं माणसानं. तसं त्याला सांगितलं. "ढकलतो न मी," म्हणाला आणि मोटर ठेवून बसस्टँडकडे गेला.

वर्ध्याच्या आर्वी नाक्यावरच्या या दुकानात वीस वर्षं इन्व्हर्टर दुरुस्त करतोय. जास्त करंटची भीती नाही. पण इन्व्हर्टर घरात एका जागी बसून असतो, चिखलात जात नाही.

१८ जून, बुधवार

मोटरचा दांडा वाइसमध्ये आवळला आणि बेंचवरच्या सप्लायमधून फक्त २ व्होल्ट दिले. सुटायला जागाच नाही. करंट ८ अँपिअर. दांडा थोडा फिरवून पुन्हा आवळला, ७.४. पुन्हा फिरवला, ८.६. ब्रश कुठल्या पट्टीवर बसतात त्यावर फरक पडतो. सरासरी धरली तर आतला रोध पाव ओहम.

पाटीवरच्या आकड्यांवरून, थोडी नासाडी धरून, करंट निघतो तेरा-चौदा अँपिअर. पण तो फिरत्या मोटरचा. फिरणारी मोटर आतून उलटा दाब तयार करते आणि स्वतःच करंट रोखून धरते. ती अडकली की तो दाब शून्य. उरतो फक्त पाव ओहम, आणि २४ भागिले पाव म्हणजे ९६. दाताच्या मुळाशी चिखलाचा गोळा बसला, की चौदाचे शहाण्णव. पाटी लिहिणाऱ्यानं काळी माती पाहिलेली नाही.

पुतण्या (मावसभावाचा थोरला, पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला) संध्याकाळी मोटर चालवायचा एक तयार बोर्ड घेऊन आला. "काका, याच्यावर ४३ अँपिअर लिहिलं आहे. चौदाले तिप्पट झालं न." त्यातल्या चिपची डेटाशीट उघडून दाखवली. ४३ ही त्या चिपची सतत वाहायची ताकद नव्हे. इतक्यावर ती स्वतःचा करंट कापायला लागते, तो आकडा. शिवाय दाबाची मर्यादा साडेसत्तावीस व्होल्ट, आणि भरल्या चार्जच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्जरवरून काढल्या काढल्या तेवढ्याच दाखवतात. छोट्या रोबोटला तो बोर्ड झकास. पोरगं हिरमुसलं. त्याला म्हटलं, आपणच बनवू.

२२ जून, रविवार

पहिला मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आज उडाला, माझ्याच दुकानात, माझ्याच डोळ्यांदेखत.

दुकानात मूठभर आयआरएफ ३२०५ कायम असतात, इन्व्हर्टरवाल्यांचं रोजचं मीठ ते. ५५ व्होल्ट, ८ मिलीओहम. पण बॅटरी भरताना २९ पर्यंत जाते, त्यावर वायरींमुळे उठणारे उसळे. ५५ मला अपुरे वाटतात. म्हणून आयआरएफबी ४११० घ्यायचं ठरवलं: १०० व्होल्ट, जास्तीत जास्त साडेचार मिलीओहम. जुन्या कंट्रोलरमधून काढलेला एक शिल्लक होता.

पुतण्यानं तो आर्डुइनोच्या पायाला सरळ जोडला. मोटर फिरली, पोरगं खूश. मी भजी आणायला गेलो. परत येतो तर वास आणि धूर.

दोन चुका. एक, गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायावर, ५ व्होल्ट. हा मॉस्फेट २ ते ४ व्होल्टला उघडू लागतो, पण ते दार किलकिलं होणं झालं. साडेचार मिलीओहमचा करार १० व्होल्टला आहे. दुसरी चूक जास्त मोठी. गेट भरायला १५० नॅनोकूलोंब लागतात. आर्डुइनोचा पाय फार तर वीस मिलीअँपिअर देणार, म्हणजे भरायला साडेसात मायक्रोसेकंद आणि रिकामं करायला तेवढेच. सेकंदाला सोळा हजार वेळा चालू-बंद, तर एका फेरीला मिळतात साडेबासष्ट. त्यातले पंधरा अर्धवट उघड्या दारात गेले. मॉस्फेट पूर्ण बंद असताना थंड असतो, पूर्ण उघडा असताना जवळपास थंड. जळतो तो मधल्या घालमेलीत. मधे टीसी ४४२० घालायचा, गेटला झटक्यात ६ अँपिअर देणारा आठ पायांचा ड्रायव्हर.

भजी गार झाली.

२४ जून, मंगळवार

सकाळच्या गाडीनं नागपूर. दोन दुकानांतून ४११० घेतले, पाच-पाच. दुसऱ्या दुकानात भाव निम्मा होता, तिथंच मनात पाल चुकचुकली.

परत येऊन तपासणी. गेटला १२ व्होल्ट, अंगातून १० अँपिअर सोडायचे आणि दोन पायांवर मल्टिमीटर लावायचा, अगदी बुडाशी, कारण पायांच्या लांबीचाही रोध मोजला जातो. खरा असेल तर ४५ मिलीव्होल्टच्या आत. पहिल्या दुकानाचे पाचही पस्तीस-चाळीसमध्ये. स्वस्तातल्यांपैकी चारांनी १३० दाखवले. नाव घासून नवं छापलेला माल. इन्व्हर्टरच्या धंद्यात हे नवं नाही. फक्त तिथं असा माल पंधरा दिवसांनी परत येतो, वावरात तो पहिल्या तासालाच कळेल.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर १८० अँपिअर आहेत, शेजारी बारीक तळटीप: पायांची मर्यादा १२०. आणि तेही अंग २५ अंशांवर असताना. पंचवीस अंश! आज पंख्याखाली बसून थर्मामीटर पाहिला, ३८. तापल्यावर याचाच रोध दीडपट, पुढे दुप्पट होतो. मी हिशेब एकच करतो: वीस अँपिअरला एक. चाळीस लागणार असतील तर दोन जोडायचे, प्रत्येकाच्या गेटला आपापला दहा ओहमचा रोध. जो जास्त तापतो त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप दुसऱ्याकडे सरकतो. भावाभावांत इतकी समजूत असती तर धुऱ्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या नसत्या.

२७ जून, शुक्रवार

मावशीकडे गेलो होतो. पेरणी झालीय. पुतण्याच्या कागदावर चार मॉस्फेटांचा पूल काढलेला, मोटर दोन्ही बाजूंनी फिरवणारा. मावशीनं कागद पाहिला नाही, पण विचारलं, "उलटी कायले फिरवता बाप्पा? डवरा मागं चालते का?"

खरंच. तासाच्या टोकाला माणूस यंत्र उचलून वळवतो. उलटं फिरायची गरज कुठंच नाही. पूल रद्द. मॉस्फेट ऋण बाजूला, मोटर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये, आणि मोटरला समांतर एक डायोड. वरच्या बाजूच्या मॉस्फेटांना गेटचा दाब बॅटरीपेक्षा उंच लागतो. त्याची सगळी भानगड एका प्रश्नात मिटली. भाग निम्मे, जळायच्या जागाही निम्म्या.

२९ जून, रविवार

बायकोला रेशमी-सुती साडी पाहायची होती म्हणून मगनवाडीत मगन संग्रहालयात गेलो. लहानपणापासून जातोय. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं हे शाळेत पाठ करवून घेतलेलं. ती साड्यांत, मी चरख्यांत.

चरख्यांसमोर उभा राहिलो की मला नेहमी १९२९ ची ती स्पर्धा आठवते. अखिल भारत चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी मला जवळपास पाठ आहेत, कारण यंत्रासाठी इतक्या नेमक्या अटी मी दुसरीकडे वाचलेल्या नाहीत. झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. किंमत १५० रुपयांवर नको. वीस वर्षं टिकला पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं म्हणणाऱ्यांना मी या अटी ऐकवतो. यात कुठं विरोध आहे? ही तर डेटाशीट आहे, फक्त वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली. पहिल्या पानावर १८० आणि तळटीपेत १२० असला प्रकार नाही. पुढं अंबर चरखा आला, आणि अलीकडे इथंच मगनवाडीतल्या ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत सौर चरख्यावर काम झालं. मोटर आली, तरी प्रश्न तेच राहिले: कोण चालवणार, बिघडला तर कोण उघडणार.

पाच टक्के. म्हणजे आमच्या डवऱ्यात जळण्याजोगा प्रत्येक भाग वर्ध्यात मिळणारा, पायांचा, साध्या डाखणीनं बदलता येणारा हवा. पृष्ठभागावर चिकटवायचे बारीक भाग बाद. करंट चाळीसला अडवायचा तर तो मोजायला हॉल सेन्सरऐवजी अँपिअरमीटरवाल्यांचा पितळी शंट: १०० अँपिअरला ७५ मिलीव्होल्ट, चाळीसला तीस. एलएम ३५८ नं तो वाढवायचा. शंटमध्ये बिघडण्यासारखं काही नसतंच.

साडी घेतली नाही. "पुन्हा येऊ," म्हणाली.

२ जुलै, बुधवार

कपॅसिटरचा हिशेब आज नीट केला आणि जरा घाबरलो. मोटरमधून ४० अँपिअर, मॉस्फेट चाळीस टक्के वेळ उघडा. मोटरचा करंट सलग वाहतो, पण बॅटरीकडून तो तुकड्यातुकड्यांनी ओढला जातो. हे तुकडे गुळगुळीत करायचं काम कपॅसिटरचं, आणि त्याच्या वाट्याला येतात जवळजवळ २० अँपिअर, सारखे आत-बाहेर. ६३ व्होल्टचा, हजार मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर दोन-अडीच अँपिअर सोसतो. म्हणजे आठ पाहिजेत, मी लावणार होतो एक.

किती मायक्रोफॅरड ते सगळे विचारतात; किती करंट सोसेल ते गिऱ्हाईकच काय, मीही वीस वर्षांत फारसं विचारलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या इन्व्हर्टरांत फुगलेले कपॅसिटर दर आठवड्याला निघतात. उगाच नाही.

दुसरं: कंट्रोलर मुठीजवळ बसवायचा बेत होता, दिसायला देखणा. तो खाली बॅटरीला चिकटवला. उसळे उठतात ते बॅटरीकडच्या वायरीत. मोटरकडची वायर कितीही लांब असली तरी बिघडत नाही, मोटर स्वतःच मोठं वेटोळं आहे.

६ जुलै, आषाढी

उपवास. साबुदाण्याची ताटली बेंचवर आणि बेंचवरच मोटर वाइसमध्ये आवळून करंटची मर्यादा तपासली. बरोबर चाळीसला अडली. पण आवळलेल्या मोटरमध्ये ४० अँपिअर म्हणजे आत ४०० वॉटची उष्णता, चांगली शेगडीच. म्हणून पाच सेकंदांत सुटली नाही तर बंद, असं आर्डुइनोत घातलं.

मॉस्फेटांना बोट लावलं, कोमट. डायोडला लावलं आणि बोट तोंडात घातलं. (उपवासाला चालतं.)

डोकं इथं माझंही उलटं चाललं होतं. सगळी हुशारी मॉस्फेट निवडण्यात खर्च केली आणि डायोड हाताला आला तो डकवला. मॉस्फेट चाळीस टक्के वेळ वाहतो. उरलेले साठ टक्के तोच चाळीसचा करंट डायोडमधून फिरतो. मॉस्फेटांत वाया जातात एक-एक वॉट. डायोडवर पाऊण व्होल्ट पडतो: चाळीस गुणिले पाऊण गुणिले साठ टक्के, १८ वॉट. यंत्र जितकं अडखळेल तितका डायोड तापेल. १०० व्होल्टचा, दोन पायांत मिळून ६० अँपिअरचा शॉट्की आणला आणि सगळ्यांत मोठा हीटसिंक त्याला दिला. मॉस्फेटांना उरलेला तुकडा.

१० जुलै, गुरुवार

आज जे झालं त्यानं अजून हात थरथरतोय, म्हणून नीट लिहितो.

दात बसवलेलं यंत्र विटांवर ठेवून मोकळं फिरवत होतो. अॅक्सिलरेटर सोडला. थांबलं नाही. पूर्ण वेगानं फिरतच राहिलं. पुतण्याचा पाय हातभर अंतरावर. मी बॅटरीची वायर हातानंच ओढून काढली.

डायोडच्या पायाचा डाख कोरडा राहिला होता, माझाच. तो हादऱ्यानं सुटला. फिरायला वाट नाही म्हटल्यावर मोटरचा करंट दर वेळी मॉस्फेटावर आदळला आणि एक मॉस्फेट शॉर्ट झाला. मॉस्फेट मेला की बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे कायमचा चालू. आमच्यात जुना विनोद आहे की मॉस्फेट आधी जळतो आणि फ्यूजला वाचवतो. पण इथं फ्यूज उडायचाही प्रश्न नव्हता. मोटर मोकळी फिरत होती, करंट जेमतेम चार अँपिअर, फ्यूज साठचा. त्याच्या दृष्टीनं सारं आलबेल.

म्हणजे इतके दिवस मी निवडलेल्या एकाही भागानं तो पाय वाचवला नसता. आता बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये डीसी काँटॅक्टर. एसीचा चालणार नाही: एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती ताणली जाते आणि टोकं चिकटतात. आठ रिकामे कपॅसिटर एकदम भरतानाही टोकं चिकटू शकतात, म्हणून ते आधी एका रोधातून हळू भरायचे. काँटॅक्टरच्या कॉइलची वायर एका छोट्या प्लगमधून नेली, प्लगला नायलॉनची दोरी, दोरी मनगटाला. यंत्र हातातून सुटलं की प्लग निघतो, मधे ना आर्डुइनो ना मॉस्फेट.

पुतण्यानं घरी सांगितलं नाही. मीही नाही.

१३ जुलै, रविवार

वावरात. पहिलं तास सुरेख गेलं, माती भुसभुशीत, तण उपटून वर. मावसभाऊ मागून हसत चाललेला. तिसऱ्या तासात, जिथं वाफसा धड आलेला नव्हता, तिथं दातांना चिखलाचे लाडू बांधले गेले आणि यंत्र पाच सेकंद गुरगुरून बंद. चिखल काढा, चालू करा, बंद. दहा वेळा.

पुतण्या म्हणाला, "मर्यादा साठ करू का, काका?" करता आली असती. मॉस्फेटांनी सोसलं असतं. मी चेनकडे पाहत बसलो. करंट म्हणजे शेवटी मोटरच्या दांड्यावरचा पीळ. पीळ कमी करायचा तर पुढचं चक्र लहान. अकरा दातांचं काढून नऊचं घातलं की तेवढ्याच मातीला करंट अठरा टक्क्यांनी कमी. वेग तेवढाच उतरतो, पण घाई कुणाला आहे. सायकलवाल्याकडे नऊचं मिळालं. लोहारानं दातांमागे खरवडायला पट्टी बसवून दिली.

महिनाभर डेटाशीट वाचल्या आणि दोष निघाला चक्रात.

२० जुलै, रविवार

नऊ दातांवर चाललं. तीसच्या वर करंट क्वचित. डायोड हाताला सोसवण्याइतका गरम.

आता कडू बातमी. यूपीएसमधून काढलेल्या २६ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या पाऊण-एक तासात बसल्या. तेवढ्यात झालं पाव एकराला थोडं कमी. पाच एकरांचा हिशेब मावसभावानं बोटांवर केला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. उद्यासाठी भाड्याची जोडी सांगितली.

मी त्याला १६ जूनलाच वॉट आणि हॉर्सपॉवर सांगितलं होतं. पण वॉट-तास सांगितले नव्हते. तो भाग माझा राहिला.

२२ ऑगस्ट, पोळा

मावशीकडे जेवायला. तोरणाखालून आल्यावर भाड्याची जोडी इथंही पूजेला आणली होती. मावशीनं पाय धुतले, पुरणपोळी चारली.

डवरा गोठ्यात दिसला नाही. मला वाटलं, पडला असेल अडगळीत. तर म्हणे घरामागच्या वांग्या-मिरच्यांच्या तुकड्यात मावशीच चालवते, रोज संध्याकाळी अर्धा तास. मुलगा "आई, नको" म्हणतो. बॅटरी रात्री चार्जला लावायला ती विसरत नाही. अजून एकही भाग जळलेला नाही, फ्यूजही पहिलाच.

बघायला मागं गेलो. यंत्र पोत्याखाली झाकलेलं, दात धुतलेले. प्लगची नायलॉन दोरी कापून टाकलेली आणि तिच्या जागी मऊ, मळकट सुताची दोरी, गाठीला वळ पडलेली. विकलेल्या जोडीची वेसण.

विचारलं. म्हणाली, "तुही नायलॉन मनगटाले काचते."